रेघवाले पेले

पत्रात तिच्याविषयी जे लिहिलं होतं, त्यातलं नाव तेवढं बरोबर होतं. मंगळवारी संध्याकाळी कामावरून आल्यावर, खांद्यावरची पर्सही न काढता, जिन्याखालच्या पेटीतून आणलेली पाकिटं ती चाळत होती, त्यात हे जाड पांढरं पाकीट निघालं. गेल्या दहा वर्षांत प्रभुभोजनाच्या सेवेतली एकही पाळी न चुकवणाऱ्या चौघांचा चर्चची मंडळी येत्या रविवारी सकाळच्या उपासनेत सत्कार करणार आहे. त्या चौघांपैकी आपण एक आहात. आपली निष्ठा आम्हा सर्वांना अनुकरणीय आहे. खाली पाळकांची सही होती, ओळखीची नसलेली, नव्या माणसाची. तिने पत्र दोनदा वाचलं. मग उलटून पाठीमागे पाहिलं, जणू खरा मजकूर तिकडे असावा. पाठ कोरी होती. वडिलांच्या अंत्यविधीचा एक तास सोडला, तर दहा वर्षं आणि चार महिने ती त्या चर्चची पायरी चढलेली नव्हती.

नवऱ्याने पत्र वाचलं आणि तो इतका हसला की त्याला चष्मा काढून पुसावा लागला. "अगं, आमच्या ऑफिसात लोक हजेरी लावून गायब होतात. तू गायब होऊन हजेरी लावलीस! ही विद्या आम्हालाही शिकव." ती म्हणाली, "यात हसण्यासारखं काय आहे? नोंद चुकीची आहे." "मग असू दे की. तुझ्या फायद्याची चूक आहे." "चूक फायद्याची असली म्हणजे ती चूक राहत नाही का?" तो म्हणाला, "झालं. शंकेखोर जागी झाली," आणि भांडी आवरायला लागला. शंकेखोर हे नाव तिच्या वडिलांनी ठेवलेलं. नवऱ्याने ते वारशात मिळाल्यासारखं घेतलं होतं. आणि ते उच्चारलं गेलं की घरात क्षणभर बाबा येऊन गेल्यासारखं वाटायचं, खुर्चीत नाही, दारापाशी, बाहेर निघालेले, इस्त्रीचा शर्ट घातलेले.

ती शहराच्या पाण्याच्या प्रयोगशाळेत होती. वेगवेगळ्या नळांचं पाणी बाटल्यांतून यायचं, ते काचेच्या प्लेटांवर घालून इन्क्युबेटरमध्ये ठेवायचं, दुसऱ्या दिवशी प्लेटवर जंतूंचे ठिपके उठलेत का ते मोजायचं. बहुतेक वेळा ठिपके नसायचेच. बावीस वर्षं ती मुख्यतः काही नसल्याची नोंद करत आली होती, आणि या कामाचा तिला अभिमान होता. नसणंसुद्धा कुणीतरी नीट पाहावं लागतं, असं ती नव्या मुलींना सांगायची. नमुना कुणी घेतला, वाचला कुणी, तपासला कुणी, प्रत्येक रकान्यात ज्याची त्याची सही. खोडायचं झालं तर एकच आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. खाली काय होतं ते दिसलं पाहिजे. म्हणून बुधवारी दुपारी तिने दोन ओळींचं पत्र टाइप केलं: मी गेली दहा वर्षे आपल्या चर्चमध्ये सेवा केलेली नाही, कृपया नोंद दुरुस्त करावी. पत्र बरोबर होतं. तरी गुरुवारी ते पर्समध्येच होतं, शुक्रवारीही. पोस्टाची पेटी तिच्या रोजच्या वाटेवर होती, आणि दोन्ही दिवस तिने तिच्याकडे, समोरून येणाऱ्या नकोशा ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं, न बघितल्यासारखं बघितलं.

कुणाची तरी सही होती म्हणजे. पाळी चुकली नाही याचा अर्थ दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी कुणीतरी वहीत तिची सही केली होती. एकशे वीस वेळा. या विचाराने ती कामाच्या टेबलापाशी बसल्या बसल्या गरम होत होती, आणि मग लगेच थंड, कारण त्यामागोमाग थर्मामीटरवाला आठवायचा. त्याला सगळे थर्मामीटरवालाच म्हणायचे. इन्क्युबेटरचं तापमान रोज सकाळी वाचून लिहिण्याच्या कामावर तो आणि आणखी एक जण होता. त्या दुसऱ्याची मुलगी आजारी होती त्या आठवड्यात याने सहा दिवस त्याच्या पाळीचं तापमान लिहिलं आणि सहाही दिवस त्याची सही केली. तिने ते पकडलं. अक्षराच्या वळणावरून पकडलं, आणि पकडल्याचा आनंद झाला होता हेही तिला आठवत होतं. तो तिच्यासमोर उभा होता, हात मागे बांधून. "मॅडम, आकडा खरा आहे. मी स्वतः वाचलाय. सही तेवढी त्याची." तिने म्हटलं होतं, "सही खोटी तर आकडा खोटा." हे वाक्य तिला तेव्हा फार स्वच्छ वाटलं होतं, धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवल्यासारखं. त्याची बदली झाली, लांबच्या पंपघरावर, जिथे वाचायला काही नव्हतं. त्यानंतर एकदा तो तिला रस्त्यात दिसला, त्याने नमस्कारही केला, आणि तिला त्याचं खरं नाव पटकन आठवेना.

शनिवारी अर्ध्या दिवसाने ती सुटली आणि पाय तिकडेच वळले. पत्र हातात द्यायचं, दोन शब्द बोलायचे, निघायचं. रस्त्यात तिने नेहमीचा हिशेब पुन्हा मांडला: आपण चर्च का सोडलं? याचं उत्तर तिच्याकडे एक नव्हतं, हीच पंचाईत होती. मैत्रिणीला तिने सांगितलं होतं की प्रवचनं कंटाळवाणी झाली. नवऱ्याला सांगितलं होतं की विज्ञान शिकलेल्या माणसाला अवघड जातं. खरं म्हणजे दोन्ही अडचणी ती जात होती तेव्हाही होत्या, आणि त्यांच्यासकट ती जात होती. झालं होतं ते एवढंच, की एका रविवारी प्लेटा मोजायला जावं लागलं. पुढच्या रविवारी घसा दुखत होता. तिसऱ्या रविवारी काहीच नव्हतं, पण दोन रविवारांनंतर जायचं तर कुणीतरी विचारणार, कुठे होतीस, आणि प्लेटा आणि घसा ही उत्तरं खरी असूनही खोटी वाटतील असं वाटून ती गेली नाही. चौथ्या रविवारी विचारणाऱ्यांची संख्या मनातल्या मनात दुप्पट झाली. असं करत करत एक दिवस लक्षात आलं की महिने झाले आणि कुणीच विचारलेलं नाही. घरी फोन नाही, दारात कुणी नाही. बाबासुद्धा रविवारी सकाळी चपला घालताना एकदा तिच्याकडे बघायचे आणि "जरा जाऊन येतो" म्हणून जायचे. कुणीच विचारत नाही म्हणजे आपण नसल्याचं कुणाला कळलेलंच नाही, असा तिने निष्कर्ष काढला, आणि त्या निष्कर्षावर दहा वर्षं काढली. सोडलं नव्हतं, सुटलं होतं. हातातून बशी सुटावी तसं. आणि आवाज झाला नाही म्हणून फुटली नसेल असंही वाटत राहिलं, आणि बघायला वाकणंही झालं नाही.

बाजूचं दार उघडं होतं. आत शिरताच तिच्या नाकाने आधी ओळख दिली: लाकडाचं पॉलिश, विझलेली मेणबत्ती, आणि मागच्या खोलीतून द्राक्षरसाचा तो गोड, किंचित आंबूस वास, जो तिला लहानपणी देवाचाच वास वाटायचा. इतक्या वर्षांनी त्या वासाने काहीतरी व्हावं अशी तिची अपेक्षा होती, किंवा होऊ नये अशी. झालं ते एवढंच की भूक लागली. मागच्या खोलीत खिडकीखालच्या मोरीपाशी किल्लीमावशी स्टुलावर बसली होती. चर्चच्या सगळ्या किल्ल्या कमरेला लावून फिरायची म्हणून ती किल्लीमावशी, तिच्या आईच्या वयाची, आता आणखी ठेंगणी झालेली. तिने मान वर केली, हिला नीट पाहिलं, आणि म्हणाली, "दार लाव. वारा येतो."

"मावशी, मी..."

"ओळखते गं. गुडघे गेलेत, डोळे नाही."

ती उभीच राहिली. दहा वर्षांनी आलेल्या माणसाला एवढंच? टेबलावर तीन गोल तबकं होती, प्रत्येकात चाळीस भोकं, भोकाभोकांत प्रभुभोजनाचे काचेचे चिमुकले पेले, उपासनेत प्रत्येकाला घोटभर द्राक्षरस देण्याचे. शेजारी ती वही, कापडी पाठीची, हिरवी. वर भिंतीवर पाळ्यांची यादी. तिसरा शनिवार, पेले धुणे, आणि पुढे तिचं नाव, ताज्या शाईत, या वर्षीचं. आज तिसरा शनिवार होता. हे तिला रस्ताभर ठाऊक नव्हतं, की ठाऊक होतं आणि तिने मोजलं नव्हतं, हे तिला आता सांगता आलं नसतं.

"मला वही बघायचीय."

"बघ की. तुझ्याच सह्या आहेत."

हा टोमणा होता की साधं बोलणं, कळेना. तिने वही उघडली आणि मागे मागे गेली, दहा वर्षं चार महिने मागे, जिथे तिची खरी सही होती: नावाचं पहिलं अक्षर आणि खाली उजवीकडे वळलेली शेपटी. मग पुढे यायला लागली. पुढच्या महिन्याची सही चांगली होती, फार चांगली. तिच्या सहीपेक्षा नीट, कारण बघून काढलेली. शेपटी मात्र जराशी जास्त लांब, शेवटी उचललेली. हे वळण तिने कुठे पाहिलं होतं ते तिला लगेच कळलं आणि तरी ती पानं उलटत राहिली. दुसऱ्या वर्षी शेपटी तशीच. पाचव्या वर्षी तिला बारीक कंप सुटला. सातव्या वर्षी कंप वाढला, दातेरी झाला, आणि आठव्या वर्षाच्या मध्यावर, ज्या महिन्यात बाबा गेले त्या महिन्यात, सही बदलली: मोठं गोल अक्षर, निळी शाई. काही महिन्यांनी तिसरंच वळण, मग पुन्हा निळं. प्रयोगशाळेत तिने एका सहीसाठी एका माणसाला पंपघरावर पाठवलं होतं. इथे अख्खं गाव सामील होतं.

दर महिन्याला एका शनिवारी बाबा तीन वाजता बाहेर पडायचे, इस्त्रीचा शर्ट घालून. ती समजायची, बुद्धिबळाच्या मित्राकडे जातात. साडेपाचला परत यायचे तेव्हा त्यांच्या बोटांची टोकं सुरकुतलेली, पांढरी असायची. हे तिने पाहिलं होतं. पाहिलं नव्हतं असं नाही. चहाचा कप हातात देताना कितीदा तरी पाहिलं होतं. पाण्यात दोन तास राहिलेली बोटं कशी दिसतात हे तिला इतर कुणाहूनही जास्त माहीत होतं, आणि तिने नोंद केली नव्हती.

"बाबांनी सांगितलं का नाही मला?" तिचा आवाज तिला अपेक्षेपेक्षा मोठा आला.

"सांगितलं असतं तर तू आली असतीस?"

"नाही. माहीत नाही."

"त्यांनाही माहीत नव्हतं. मी म्हटलं होतं त्यांना, साहेब, तिला हाताला धरून आणा. तर म्हणाले, हाताला धरून आणलं तर ती हात सोडवायच्या मागे लागेल, माझी पोर मला ठाऊक आहे. पाळी तेवढी चालू राहू दे, म्हणाले." मावशीने एक पेला उजेडात धरून पाहिला. "आणि ते गेले तेव्हा तुला मी सांगितलं होतं की. दारात. पेल्यांचं मी बघते, म्हटलं."

हे तिला आठवलं. अंत्यविधीनंतर लोक ओळीने येऊन हात हातात घेत होते, आणि या बाईने तिचा हात घट्ट दाबून म्हटलं होतं, पेल्यांची काळजी करू नकोस, मी बघते. तिला वाटलं होतं, म्हातारी दुःखाने काहीतरी बोलते आहे. तिने मान हलवली होती. म्हणजे एका अर्थाने तिने संमतीही दिली होती.

"पण हे खोटं आहे, मावशी," ती म्हणाली. "वहीत लिहिलंय मी धुतले. मी नाही धुतले."

"पेले खरेच धुतलेत. एकदाही कुणी घाणेरड्या पेल्यातून घेतलेलं नाही. सही तेवढी तुझी."

तिने टेबलाची कड धरली. तेच वाक्य. हात मागे बांधून उभा असलेला माणूस या खोलीत कुठून आला? त्याला उत्तर द्यायला तिच्याकडे एक स्वच्छ वाक्य होतं, ते तिने शोधलं, आणि ते होतं, जसंच्या तसं, घडी घातलेलं, पण उलगडेना.

"मग तुमच्या नावाने का नाही केली सही?"

"जागा मोकळी दिसली की दुसऱ्याचं नाव लागतं. लागलं की लागलं. मग मूळ माणूस आलं तर त्याने बसायचं कुठे, पाहुण्यासारखं शेवटच्या बाकावर?" मावशीला हे समजावून सांगावं लागतंय याचाच कंटाळा आलेला दिसला. "आता हे नवे पाळक. पोरगा चांगला आहे, पण आला तसा वह्याच काढून बसला. कोण येतं, कोण येत नाही, मोजत. आम्हाला काय ठाऊक हा बक्षीस द्यायला मोजतोय! चौघं निघाले म्हणे. त्या चौघांतला एक दोन वर्षं परगावी आहे." ती हसायला लागली आणि हसता हसता खोकली. "देवाला चालतंय, पाळकांना मोजायला लागतंय."

तेवढ्यात पाळक स्वतःच आत डोकावले, हातात सायकलची चावी, कपाळाला घाम. तरुण होते, तिच्या धाकट्या भावाच्या वयाचे. मावशीने ओळख करून दिली तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला की तिने खाली पाहिलं. "तुम्ही! आजही पाळीवर! मी तीन वेळा मोजलं हो, मला वाटलं माझंच चुकतंय. एकही खाडा नाही. आजकाल कोण करतं असं? यादीत नुसती नावं पुष्कळ आहेत, ती आता वर्षअखेर कमी करणार आहे मी. काम करणाऱ्यांचीच ठेवायची. उद्या याल ना?" पर्समध्ये पत्र होतं. पर्स उघडायची, दोन बोटांनी काढायचं, एवढंच. तिने पर्स उघडली. मावशी तिच्याकडे बघत नव्हती. तिने स्टूल जरा बाजूला सरकवून मोरीपाशी एका माणसापुरती जागा केली होती. "पाणी निवतंय," ती कुणालाच उद्देशून नसल्यासारखी म्हणाली. "बघते," ही पाळकांना म्हणाली, आणि तो होकार समजून ते गेले. जिन्यावर त्यांची शीळ ऐकू आली.

मग तिने बाह्या वर केल्या. पाणी अजून कढत होतं. हातांना काम आठवत होतं, डोक्याला विचारावं लागलं नाही: पेला बुडवायचा, आतून अंगठा फिरवायचा, दुसऱ्या पाण्यात, मग उजेडात धरायचा. डाग बघायचा. ती बावीस वर्षं हेच करत आली होती, काचेत काही नाही ना हे उजेडात बघणं. आणि दोन्ही कामं तिच्या आयुष्याच्या दोन वेगळ्या कपाटांत होती. प्रार्थना करावी का? तिला येईना. पहिल्या तबकात ती विश्वास आहे का असं स्वतःला विचारत होती, दुसऱ्यात ती विचारायचं विसरली. दुसऱ्या तबकाच्या कडेच्या रांगेत हाताला एक पेला वेगळा लागला, जाड, बुडाशी सपाट. तिने तो वर धरला. काचेवर एक बारीक पांढरी रेघ होती आणि रेघेशेजारी आकडा, पाच.

"ते रेघवाले पेले," मावशी म्हणाली. "बारा आहेत. तुझ्या बाबांच्या हाताला कापरं सुटल्यावर एका वर्षात त्यांनी बारा फोडले, मग बारा आणून दिले. पोरांची भांडणं होतात त्यांच्यावरून. रेघवाला मला, रेघवाला मला. रेघेपर्यंतच भरायचं म्हणून मला कोण त्रास!"

बाबांनी एकदा जेवताना विचारलं होतं, तुमच्याकडे छोट्या काचेच्या वाट्या असतात का गं, औषधाच्या मापाच्या? तिने विचारलं होतं, किती? बारा, म्हणाले. बारा औषधं कोण घेतं, असं शंकेखोरीणबाईंच्या मनात एकदाही आलं नाही. तिने दुसऱ्याच दिवशी पुरवठादाराकडून कोऱ्या खोक्यातली बारा मापं आणून दिली होती, आणि मग कधी ती घरात कुठेच दिसली नाहीत याचंही नवल केलं नव्हतं. म्हणजे इतकी वर्षं लोक तिच्या हातून आलेल्या काचेतून पीत होते. मग ती इथे होती की नव्हती? प्रश्न साधा होता, हो किंवा नाही एवढ्यात उत्तर मागणारा, आणि तिला तो प्लेटवरच्या अशा ठिपक्यासारखा वाटत राहिला, जो जंतूंचा आहे की काचेतलाच बुडबुडा, हे कितीही कोनांतून पाहिलं तरी ठरत नाही. अशा वेळी प्लेट फेकत नाहीत. पुन्हा ठेवतात. उद्या बघतात. तिने बारा पेले एकेक करून पुसले, रेघेवरून बोट फिरवत, आणि बाराव्याला तिच्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा तिला पहिल्यांदा वाटलं ते असं, की हा पेला आता पुन्हा धुवावा लागणार.

तिन्ही तबकं झाकून झाल्यावर मावशीने वही पुढे सरकवली. तिने सही केली. पहिलं अक्षर, शेपटी. मावशीने वाकून पाहिलं. "ही नाही तुझी वाटत. तुझ्या बाबांची बरी यायची."

"मावशी, ही माझीच आहे!"

"असेल बाई. उद्या काय करणार आहेस?"

"माहीत नाही."

"बरं. दहाला सुरू होतं. माहीत नसेल तर साडेनऊला ये, पुढे जागा मिळेल." मावशी स्टुलावरून उठायला गेली आणि पुन्हा बसली. "आणखी एक काम आहे. गीतपुस्तकं बाकांवर लावायचीत. नर्सची पाळी. पण माझ्याने आता वाकवत नाही."

नर्स कोण ते तिला माहीत नव्हतं. तिच्यानंतर आलेली कुणी असावी. मावशी म्हणाली, तरुण आहे, आवाज चांगला, गायनात असायची. गेल्या वर्षी घरात काहीतरी झालं, तेव्हापासून येत नाही. "विचारलंत का तिला?" "दर महिन्याला एकदा दवाखान्यात जाऊन रक्तदाब मोजून घेते मी तिच्याकडून. अजून काही म्हणाली नाही. मीही नाही." ती पुस्तकं घेऊन बाहेर आली. रिकाम्या बाकांवर दुपारचं ऊन तिरकं पडलं होतं. एकेका बाकावर चार, कडेला सारखी करून. तिसऱ्या रांगेत खिडकीकडची जागा तिची होती. तिथे बसायला ती थांबली नाही, पुस्तक ठेवलं आणि पुढे गेली, पण ते ठेवताना तिला ते कुणासाठी तरी ठेवल्यासारखं वाटलं.

परत आली तेव्हा मावशी भिंतीला टेकून पेंगत होती. वही उघडीच होती. गीतपुस्तके लावणे, नाव, आणि सहीचा रकाना कोरा. वर्षअखेर नावं कमी करणार आहेत. ती खुर्चीवर बसली, पेन हातात घेतलं आणि वरच्या ओळी पाहिल्या. नर्सची खरी सही वर्षभरामागे होती: दोन अक्षरं एकमेकांत अडकवलेली, वर एक घाईतला ठिपका. त्याखालच्या अकरा सह्या मावशीच्या, गोल, निळ्या, कुणालाही ओळखू याव्यात अशा. हिच्याने असं बघवेना. तिने पर्समधून स्वतःचं टाइप केलेलं पत्र काढलं, उलटं केलं, आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर ती सही एकदा काढून पाहिली. अक्षरं फार सुटी झाली. दुसऱ्यांदा ठिपका चुकला. तिसऱ्यांदा जमली. मग तिने वही जवळ ओढली, एका दमात सही केली, ठिपका दिला, आणि शेजारी आजची तारीख घातली.